आबा आणि हेवी मेटल

"आबांना त्या धिंगाण्यात नेलं" ही बातमी पुण्याहून धामणगावला, तिथून मलकापूरला आणि मलकापूरहून ठाण्याच्या मावशीपर्यंत पोहोचायला पुरते दोन दिवसही लागले नाहीत. वाटेत तिला बरेच पाय फुटले. कुणाच्या म्हणण्याप्रमाणे आबांना तिथे चक्कर आली, कुणाच्या म्हणण्याप्रमाणे ते तिथे नाचले. म्हणून नातेवाईक मंडळींसाठी आधी खुलासा. आबांना चक्कर आली नाही. ते नाचलेही नाहीत. डोळ्याचं ऑपरेशन होऊन महिना उलटला होता आणि डॉक्टरांनी सगळं करायची परवानगी दिली होती. आणि मुख्य म्हणजे त्यांना कुणी नेलं नाही, ते स्वतःहून आले.

आता बाकीच्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. आमचं गाव धामणगाव बढे, तालुका मोताळा, जिल्हा बुलढाणा. नुसतं धामणगाव म्हटलं की लोक अमरावती जिल्ह्यातलं धामणगाव रेल्वे समजतात, म्हणून आम्ही ‘बढे’ हे शेपूट कधी गाळत नाही. आमच्याकडे रेल्वे नाही, त्यासाठी मलकापूर गाठावं लागतं. खानदेश अगदी लागून, त्यामुळे बोली वऱ्हाडी आणि तिला खानदेशी फोडणी. आबांनी जन्मभर शेती केली आणि त्याबरोबर गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवला. वय अठ्ठ्याहत्तर.

दादाचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो आणि शनिवार-रविवार एका मेटल बँडमध्ये ड्रम वाजवतो. यात आजवर कुणाला काही वाटलं नव्हतं. पण गेल्या वर्षी त्याच्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली आणि मध्यस्थाने दादाला फोनवर विचारलं, "मुलगा वाजंत्री आहे म्हणे?"

दादाला हा शब्द फार लागला. त्याने त्याच रात्री मुलाला फोन करून सांगितलं, ते ड्रम विकून टाक. मुलगा ऐकेना. वहिनी रडली. महिनाभर बापलेकांत बोलणं नाही. मोतीबिंदूसाठी माझ्याकडे आलेल्या आबांच्या कानावर हे सगळं माझ्याच फोनवरून पडत होतं. एक दिवस ते म्हणाले, "मले पाहू द्या आधी. मंग विका."

तर झालं असं, की त्या शनिवारी भाच्याच्या बँडचा कार्यक्रम होता.

कार्यक्रमाची जागा म्हणजे शहराच्या टोकाला एका इमारतीचा वरचा मजला. शंभर-सव्वाशे माणसं दाटीवाटीने उभी राहतील एवढीच. भिंती काळ्या, खिडक्या बंद, एका बाजूला वीतभर उंचीचा मंच. सगळी पोरं काळ्या टी-शर्टात. त्यात आबा पांढरं धोतर आणि टोपी घालून शिरले तेव्हा दारातल्या गर्दीने आपोआप वाट करून दिली. हाताला शिक्का मारणाऱ्या पोराने आधी त्यांना वाकून नमस्कार केला आणि मग शिक्का मारला. कुणीतरी कुठून तरी प्लास्टिकची खुर्ची आणली आणि ती मागच्या भिंतीपाशी, स्पीकरपासून लांब ठेवली.

येताना गाडीत भाच्याने आबांची तयारी करून घेतली होती. मुंबईत साहिल मखिजा नावाच्या मुलाने 2000 मध्ये ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ हा बँड काढला. त्या बँडचा 2017 मधला एक अल्बम आहे, नाव ‘दशावतार’. भाच्याने त्यातली गाणी वाजवली. मत्स्य, कूर्म, वराह... आबा मान डोलवत मोजत होते. वराह आल्यावर म्हणाले, "क्रम बरोबर हाये." शब्द एकही कळला नव्हता, पण क्रम बरोबर होता ना, मग पुढचं ऐकायला हरकत नव्हती :)

या संगीताचा जन्मही त्याने सांगितला, आणि तो मलाही नवीन होता. इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम हे कारखान्यांचं शहर. तिथे टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. 1965 मध्ये, कामावरच्या शेवटच्या दिवशी, यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, पातळ तारा लावल्या, आणि पुढे त्या तारा सैल सोडल्या, म्हणजे दाबायला जोर कमी लागतो. सैल तारेचा आवाज खाली जातो, खोल होतो. त्याच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या बँडचा पहिला अल्बम फेब्रुवारी 1970 मध्ये आला आणि हेवी मेटलची सुरुवात बहुतेक लोक तिथूनच धरतात. त्यांचा गायक ऑझी ऑस्बॉर्न जुलै 2025 मध्ये बर्मिंगहॅमलाच शेवटचं गायला आणि अडीच आठवड्यांनी गेला. भाचा त्या दिवशी जेवला नव्हता, हे मला तेव्हा कळलं.

आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "कामगाराचं पोरगं व्हतं म्हणायचं."

आपल्याकडे हे काही कालपरवा आलेलं नाही. मुंबईत धोबी तलावाजवळच्या रंगभवनात 1986 पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरायचं. रंगभवन उघड्यावरचं, शेजारी कॉलेज आणि हॉस्पिटल. 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, आणि हॉस्पिटल, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्या भोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र. रंगभवनातल्या मैफली त्यात बंद पडल्या. जुहूचं ‘रॅझबेरी ऱ्हायनोसरस’ हा त्या काळातला असाच एक लहान अड्डा. आता ही मंडळी अशा बंद खोल्यांतच जमतात.

असो. सुरू होण्याआधी भाचा कानात घालायचे फोमचे बोळे घेऊन आला. आबांनी खिशातून कापूस काढला. घरचा, शेतातला, निघताना आठवणीने घेतलेला. गावात मिरवणुकीचा डीजे दारावरून जातो तेव्हा ते हाच वापरतात. कापसाने आवाज फारसा अडत नाही हे त्यांना समजावून बोळे घालायला लावले. (पोराबाळांना घेऊन जाणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये अशा जागांसाठी सरासरी 100 डेसिबलची वरची मर्यादा सुचवली आहे, आणि तीही कानांना विश्रांती आणि संरक्षण देऊन.)

पहिला बँड वाजला. मला तरी नुसती गिरणी सुरू झाल्यासारखं वाटलं. आबांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. दुसरा बँड भाच्याचा.

तो सगळ्यात मागे बसला होता, उंचावर, ड्रमच्या ढिगाऱ्याआड. पहिली पाच मिनिटं इतका वेग, की ठोके वेगळे ऐकू येईनात. आबा खुर्चीतून उठले, भिंत धरून टाचा उंचावून बघायला लागले. मला वाटलं त्रास होतोय. ते माझ्या कानाशी येऊन ओरडले, "पायानं वाजवते तो! दोन्ही पायानं!" खरंच, मोठ्या ढोलावर दोन पायांच्या दोन पट्ट्या होत्या आणि पखवाजावर बोटं पळावीत तसे त्याचे पाय पळत होते. गाणारा पोरगा घशातून डरकाळ्या फोडत होता. आबांनी त्याच्या घशाबद्दल काळजी व्यक्त केली, गाण्याबद्दल नाही.

आणि मग तो वेग एकदम थांबला. क्षणभर काही नाही. मग एक ठोका. थांबणं. दुसरा ठोका, त्याच्याबरोबर गिटारचा तो खाली गेलेला सूर. पुन्हा थांबणं. ठोका जमिनीतून वर येत होता, पायाच्या तळव्यातून छातीत. समोरची शंभर डोकी एकाच वेळी खाली जात होती आणि वर येत होती. आबांचा उजवा हात मांडीवर पडत होता. बरोबर समेवर. आधी नाही, नंतर नाही.

भजनात आम्ही हळू सुरू करतो आणि वाढवत नेतो, गजराला टाळ-मृदंग एकदम शिगेला. इथे उलट. आधी धावायचं, आणि मग सगळा वेग टाकून सावकाश पाऊल ठेवायचं. त्या पावलाला वजन येतं. पुढे वेगळी पट्टी सुरू झाली, पोरं मध्ये रिंगण करून एकमेकांवर आदळायला लागली. मी घाबरले. आबा मात्र निवांत बघत होते. एक जण पडला तसे चार हात खाली गेले आणि त्याला उभं केलं, मगच आदळणं पुढे सुरू झालं. आबा म्हणाले, "दिंडीत अशीच पावली चालते. पडला का उचलतात." मुक्ताईची पालखी आपल्या जिल्ह्यातून पंढरपूरला जाते, आबा तिच्याबरोबर काही वर्षं चाललेले आहेत, तेव्हा त्यांना गर्दीची पारख आहे.

कार्यक्रम संपल्यावर ते थेट मंचाकडे गेले. भाचा घामाने निथळत उभा, बिचारा निकालाची वाट बघत असल्यासारखा. आबांनी त्याच्याकडे न बघता मोठ्या ढोलावर हात फिरवला.

"चामडं नाही?"

"प्लास्टिक आहे, आबा."

"आणि हे उशा काहून भरल्या आतमंदी?"

"घुमू नये म्हणून. आवाज आटोपशीर आणि जड येतो."

आबा हसले. हे त्यांना पटलं. पखवाजाच्या डाव्या बाजूला वाजवण्याआधी ओल्या कणकेचा गोळा थापतात, मग त्या बाजूचा आवाज खाली जातो, ‘धूम’ येते. कणीक कमी पडली की आवाज पोकळ, जास्त झाली की मुका. वाजवून झालं की खरवडून काढायची. लहानपणी आईकडून ती कणीक मागून आणायचं काम माझं होतं. जड वाजणं म्हणजे नुसतं जोरात वाजणं नव्हे, हे त्या कणकेत मी कितीदा हाताने मळलं असेल. कातड्यावर खरोखरचं वजन ठेवतात, म्हणून ते जड वाजतं. दारावरून जाणारा डीजे याच्या कितीतरी पट मोठा असतो, खिडक्यांची तावदानं थरथरतात, पण तो कधी थांबत नाही, त्यामुळे त्याला वजन येत नाही. थांबायला माणूस लागतो.

परतीच्या वाटेवर भाचा गाडी चालवत होता आणि आबा पुढे बसून बोलत होते. मी मागे. ही गोष्ट मी पन्नास वर्षांत त्यांच्याकडून ऐकली नव्हती.

आबा दहा-अकरा वर्षांचे असतील. गावात एक लग्न. मांडवात वऱ्हाडी, आणि मांडवाच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला, डफडं वाजवणारे. त्यांत एक म्हातारे होते. शेकोटीवर डफड्याचं कातडं तापवायचे, बोटाने टिचकी मारून ऐकायचे, पुन्हा तापवायचे. मग एका हातात जाड काठी, दुसऱ्या हातात बारीक काडी. आबा रात्रभर मांडवात गेलेच नाहीत, त्यांच्यासमोर बसून राहिले. पहाटे त्यांनी म्हाताऱ्यांना विचारलं, मले शिकवता का? म्हातारे काही बोलले नाहीत, पण काठी पुढे केली. आबांनी दोन-चार ठोके मारले असतील, तेवढ्यात त्यांच्या वडिलांनी मागून कान धरला. घरी नेऊन अंगणातच अंघोळ घातली. थंडीचे दिवस होते. त्याच वर्षी त्याच वडिलांनी त्यांना पखवाज आणून दिला.

"कातडं तेच," आबा म्हणाले. "देवळात गेलं का पखवाज, रस्त्यावर राह्यलं का डफडं."

भाच्याने विचारलं, "मग पुढे शिकलात का त्यांच्याकडून?"

नाही. ती मंडळी त्यानंतर लग्नात वाजवायला आली नाहीत. 1956 मध्ये बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली आणि त्यानंतर महाराष्ट्रभर कितीतरी माणसांनी गावकीची कामं सोडली, त्यात वाजवणंही आलं. मांडवाबाहेर उभं राहून, उरलंसुरलं घेऊन वाजवायचं ते वाजवणं. डफडं खाली ठेवणं हा तेव्हा मानाचा प्रश्न होता. गावातल्या मोठ्यांना राग आला होता म्हणे. पुढे दुसऱ्या गावचे वाजंत्री यायला लागले, मग बँड, मग डीजे.

"बरोबर केलं त्यायनं," आबा म्हणाले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. कात्रजचा उतार लागला तेव्हा म्हणाले, "पण तो ठेका लय जड व्हता. आज आयकला तसा. माह्या हातात यायचा राहून गेला."

मी मागच्या सीटवर बसून त्या मध्यस्थाच्या शब्दाचा विचार करत होते. वाजंत्री. दादाला तो शब्द लागला कारण त्यात वाजवण्याचा अपमान नव्हता, उभं राहण्याच्या जागेचा होता. भाचा त्या खोलीत सगळ्यात उंचावर बसतो, त्याच्यावर दिवे असतात, लोक पैसे देऊन त्याच्यासमोर उभे राहतात. त्याच ठोक्यासाठी त्या म्हाताऱ्यांना मांडवाबाहेर थंडीत उभं राहावं लागलं. आपल्यात तबला शिकणाऱ्या मुलाचं कौतुक होतं, गिटारचा क्लास बायोडेटात मिरवला जातो, पखवाजाला तर हारच. फक्त ज्या वाद्याला गावाने रस्त्यावर ठेवलं, त्याचं नाव कुणी लावलं की आपल्याला पोरगं हातचं गेल्यासारखं वाटतं. माझ्या भाच्याला त्या एका शब्दाने महिनाभर जे सोसावं लागलं, ते काही घरांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसलं आणि शेवटी हातातली कलाच खाली ठेवून त्यातून सुटका करून घेतली. यात हरलं कोण, हे मला त्या रात्री आबांच्या मांडीवर पडणाऱ्या हातावरून कळलं.

दुसऱ्या दिवशी आबांनी दादाला फोन लावला. ड्रम विकायचे की नाही याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. पाऊसपाणी, कपाशीचा भाव, म्हशीची चौकशी झाली. मग म्हणाले, "त्या पोराच्या बायोडेटात छंद काय लिवले तू?"

दादा म्हणाला, "वाचन, प्रवास." (सगळ्यांच्याच बायोडेटात असतात ते. भाच्याने शाळेनंतर वाचलेलं पुस्तक मला तरी माहीत नाही.)

"त्यात ढोल लिव."

दादाकडून काही उत्तर आलं नाही. फोन ठेवल्यानंतरही तीन दिवस आलं नाही. आबा रोज संध्याकाळी मला विचारायचे, "आलं का काही?" आणि मी नाही म्हणायचे.

चौथ्या दिवशी घरच्या ग्रुपवर नवा बायोडेटा आला. छंद : वाचन, प्रवास, ढोल. भाच्याने लगेच खाली लिहिलं, पप्पा, निदान ‘ड्रम’ तरी लिहायचं. दादाचं उत्तर एका ओळीत : आबांनी सांगितलेला शब्द तोच होता.

स्थळं अजून बघणं चालू आहे. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या माहितीत असेल तर जरूर कळवा. मुलगा निर्व्यसनी आहे, नोकरी पक्की आहे, आणि समेवर येतो.